सहावा कॉम्प्युटर

शिरूरच्या बसस्टँडमागं गौतमीचा कॉम्प्युटर क्लास होता. सहा कॉम्प्युटर, आणि सहाहीमध्ये कुणाकडून तरी कॉपी करून आणलेलं 'ऑफिस' सॉफ्टवेअर. तेव्हा, म्हणजे दोन हजार सहा साली, गावात याला चोरी म्हणत नसत. 'टाकून घेणं' म्हणत.

एका रविवारी दौंडची बस चुकली म्हणून संघर्ष तिथं शिरला. दौंडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. एका अर्जाची प्रिंट हवी होती. फाईल काही उघडेना.

"फाईल बिघडलीय तुमची," गौतमी म्हणाली.

"फाईल चांगली आहे, मॅडम. चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायला लाजतेय."

तिनं मान वर केली... चष्मा, भुवईवर घाम, आणि चेहऱ्यावर हसू अजिबात नाही.

त्यानं पिशवीतून सीडी काढली. "ओपन ऑफिस. पत्रं, तक्ते, सगळं होतं. फुकट. कितीही जणांना द्या."

"आणि यात तुमचं काय?"

"काही नाही."

"काही नको म्हणणारे लई महाग पडतात."

पण पुण्यात क्लासवर धाडी पडतायत, अशी आवई होती. सापडलं तर कॉम्प्युटर जप्त, क्लास बंद. म्हणून ती हो म्हणाली. निदान आईला तरी तिनं असंच सांगितलं.

पहिला कॉम्प्युटर वीस मिनिटांत झाला. संघर्ष गंभीरपणे म्हणाला, "एका रविवारी एकच करायचा. मशीनला सवय व्हावी लागते."

"असं का," कॉम्प्युटर शिकवणारी गौतमी तितक्याच गंभीरपणे म्हणाली. सीडी तिच्याकडंच राहिली.

पाच रविवार गेले. दारात भाजी निवडता निवडता तिची आई विठाबाई म्हणाली, "ह्ये काम हाय का डाक्टरचा डोस?"

सहाव्या रविवारी संघर्षनं खुर्ची सावकाश ओढली. हा शेवटचा झाला, की शिरूरला यायला कारण उरत नव्हतं. त्यानं कॉम्प्युटर चालू केला — आत ओपन ऑफिस आधीच होतं.

"हे... कुणी टाकलं?"

"मीच. पहिल्याच रविवारी, तुमची गाडी वाटेतल्या न्हावऱ्याला पोचायच्या आत. राहिलेल्या पाचही मशीनवर."

"मग मला तर दर वेळी जुनंच..."

"दर शनिवारी एका मशीनवर जुनं परत घातलं. तुमच्यासाठी."

"आणि धाड पडली असती तर?"

"पडली असती." ती स्क्रीनकडंच बघत होती. "दर शनिवारी भीत होते. तरी घातलं."

"मग या सहाव्यावर जुनं का नाही घातलं?"

"निमित्त संपल्यावर तुम्ही येता का... ते बघायचं होतं."

दारातून विठाबाईनं हाक दिली, "सर, झालं का एकदाचं?"

"झालं, मावशी. पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो."

"त्यांनाबी कॉम्प्युटर शिकायचाय व्हय?"

"नाही. तिला गौतमीला बघायचंय."

'मॅडम' सोडून त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. गौतमीनं घाईघाईनं प्रिंटर चालू केला. त्यात कागदही नव्हता, पण तिला कुठंतरी बघायला हवं होतं.