अर्जावरचं नाव

एलिनेडने टाकीची तोटी उघडली... आणि पाहता पाहता सकाळचं सगळं दूध, अजून कोमट असलेलं, फेसाळत शेणखड्ड्यात वाहून गेलं!

कार्मार्थनच्या त्या डोंगरउतारावर एकतीस वर्षं तिने गाईंना लेकरांसारखं जपलं होतं. पण टाळेबंदीत शहरातली कॅफे बंद पडली आणि दुधाची गाडी यायची थांबली. सरकारने दूधवाल्या शेतकऱ्यांना मदत जाहीर केली, तेव्हा आजूबाजूच्या शेतांवर चेहरे उजळले. एलिनेडचा मात्र उतरला... अर्ज मालकाने करायचा होता, आणि मालक होता तिचा धाकटा भाऊ गेथिन! वडिलांनी जाताना सारं मुलाच्या नावे केलं होतं. त्यावर ती चकार शब्द बोलली नव्हती. पण सहा वर्षांपूर्वी त्याने शेत विकायचं काढलं, तेव्हा "मी जिवंत आहे तोवर नाही!" एवढंच ती म्हणाली, आणि तेव्हापासून भावाबहिणीत अबोला होता.

गाईंसाठी तिने अभिमान गिळला आणि कार्डिफ शहरात राहणाऱ्या गेथिनला फोन लावला. तिसऱ्या दिवशी तो आला. घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई, तिला संसर्ग नको म्हणून तो फाटकापाशीच थांबला. एलिनेड गोठ्याच्या दारात.

"ताई, किती वाळलीस गं!"

"तू नाही वाळलास."

तो हसला. उलट्या बादलीवर बसून त्याने अर्ज मांडीवर घेतला.

"गाई किती?"

"बेचाळीस."

"शेतावर पूर्णवेळ काम कोण करतं? कधीपासून?"

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली.

"एकोणनव्वदच्या सप्टेंबरपासून, लिही!" आई ओरडली. "स्वान्सीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती हिला! पण त्याच आठवड्यात बैलाने तुझ्या बापाची कंबर मोडली. तू बारा वर्षांचा... तुझी शाळा सुटू नये म्हणून हिने ते पत्र चुलीत घातलं!"

"आई, गप्प बस गं!"

"तीस वर्षं गप्पच होते ना!"

गेथिनच्या हातातला कागद गळून पडला.

"ताई... तू तर म्हणायचीस, पुस्तक उघडलं की मला झोप येते..."

"येतेच की!" ती म्हणाली. "तू शिकलास ना? मग झालं तर."

"आणि मी? मी तुलाच घराबाहेर काढायला निघालो... वर तुझ्यावरच रुसून बसलो!" धावत जाऊन तिच्या पायांशी बसावं असं त्याला वाटलं. पण मध्ये ते अंगण होतं, आणि ते ओलांडायची मुभा नव्हती. तो तिथेच उभा राहून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "हा अर्ज मी करणार नाही."

एलिनेडच्या काळजात चर्र झालं.

"मालकाने करायचा ना? मग मालकच बदलू. उद्याच वकिलाला फोन करतो."

"वेडा आहेस का? तुझ्या मुलांचं काय?"

"सुट्टीत येऊन शेण काढतील. चांगली लठ्ठ झालीत!"

ती हसली... गालांवरून आसवं ओघळत असतानाच खळखळून हसली. कित्येक वर्षांत असं हसू तिच्या अंतःकरणातून उमटलं नव्हतं!

कागदपत्रांत काही आठवडे गेले. गाडी पुन्हा दूध न्यायला लागली. गेथिनचा फोन रोज येऊ लागला, बहुतेक वेळा ऐन धारांच्या वेळी, आणि ती त्याला मनसोक्त रागवायची.

जुलैत सरकारी पत्र आलं. एलिनेड ते हातात धरून अंगणात कितीतरी वेळ उभी होती.

"काय लिहिलंय गं?" आईने आतून विचारलं.

"एलिनेड प्रोथेरो... शेतकरी," तिने वाचलं. मग हळूच, जणू स्वतःलाच ऐकवत, पुन्हा म्हणाली, "शेतकरी."

"अगं, पण पैसे किती दिले?"

"थांब हं आई... ते अजून वाचलंच नाही."