भीती लागते

माझ्या मुलीच्या वर्गातल्या आर्यनच्या वाढदिवसाचं आमंत्रण शाळेच्या ग्रुपवर आलं, तेव्हा मी ऑफिसात एका प्रवासवर्णनाची प्रुफं वाचत होते. रविवारी सकाळी, केक, जेवण, सगळ्या राइड्स. खाली पार्कचं नाव होतं. ते वाचलं आणि मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

नोएडाच्या पुढे, एक्स्प्रेसवेच्या कडेला असलेलं ते थीम पार्क मला चांगलं माहीत होतं. माझी आई तिथे काम करायची.

आईचं आयुष्य आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि एका प्राथमिक शाळेत गेलं. बाबा गेल्यावर ती मयूर विहारला आमच्याकडे राहायला आली, पण तिला घरात बसवेना. एकदा कुठल्याशा शाळेच्या सहलीबरोबर ती पार्कात गेली. पाळण्याच्या रांगेत एक मुलगा भोकाड पसरून बसला होता. आईने त्याला शांत केलं, पाळण्यात बसवलं, हसत खाली उतरवलं. ते पाहून तिथल्या मॅनेजरने विचारलं, "माताजी, शनिवार-इतवार आ सकेंगी?" तेव्हापासून सुती साडीवर पार्कचं नारिंगी जॅकेट चढवून ती सुट्टीच्या दिवशी जाऊ लागली. मुलं तिला टीचरदादी म्हणत.

तिची एक पद्धत होती. 'डरो मत' म्हणायचं नाही, हा पहिला नियम. "डरो मत म्हटलं की मुलाला कळतं, इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे," ती म्हणायची. आधी मुलाला घेऊन कठड्याशी उभं राहायचं आणि राइड नुसती बघायची. मग एकेका आवाजाची ओळख करून द्यायची: हा पट्ट्याचा, हा ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेचा. मग थांबलेल्या सीटवर नुसतं बसून उतरायचं. आणि खरंच निघायची वेळ आली की शेजारी बसून एवढंच सांगायचं, सैल बस. हिंदीत 'ढीले हो जाओ' म्हणावं लागे, ते तिला पटत नसे. "ढीला स्क्रू असतो गं. सैल गाठ असते."

तिच्या हाताखालून किती मुलं गेली कोण जाणे. तिची स्वतःची नात मात्र तिला कधी वश झाली नाही. निधी साध्या फिरत्या घोड्यावरही बसायची नाही. माझ्या ओढणीला लटकून म्हणायची, "आजी, मला भीती लागते."

"भूक लागते, तहान लागते, ठेच लागते," आई म्हणायची. "भीती वाटते, राणी."

"ओके. मला भीती वाटते लागते."

आई हसून हसून खोकायला लागायची. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं, हिंदीच्या साच्यातून काढलेलं. माझंही तसंच झालं असतं, पण आईने माझा एकेक शब्द घासून घेतला होता. आज मी प्रुफं वाचून पोट भरते ते त्यामुळेच.

फेब्रुवारीत आई गेली. बोलणं बंद होण्याआधी ती मला म्हणाली होती, "निधीचं राहिलं." काय राहिलं ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

म्हणून मी आमंत्रणाला होकार दिला.

नोव्हेंबरमधला तो रविवार धुरकट होता. हवेला जळक्या कागदासारखी चव होती. पार्कातला उंच पाळणा अर्ध्यापर्यंतच दिसत होता. वरचे डबे करड्या धुरात शिरत आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने बाहेर येत. मक्याच्या लाह्यांचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता, स्पीकरवर पंजाबी गाणी होती, सगळं नेहमीचंच होतं. तरी काहीतरी कमी वाटत होतं. काय ते मला लगेच सांगता आलं नसतं.

गेटवर चेतना भेटली. ती तिथली सुपरवायझर, बुलंदशहरकडची. आईच्या बाराव्याला ती घरी आली होती. तिने निधीचे गाल ओढले आणि माझा हात हातात घेतला.

"टीचरदादी की जगह किसी को रखा?" मी विचारलं.

"ज़रूरत ही नहीं पड़ी, दीदी. अब यहाँ कोई बच्चा रोता ही नहीं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, कमी होतं ते हेच. एवढी लहान मुलं, एवढ्या रांगा, आणि रडण्याचा आवाज कुठेच नव्हता.

"आदत डालके गई हैं सबको," चेतना हसून म्हणाली. मलाही बरं वाटलं. आईचं काम टिकून आहे, असं काहीसं मनात आलं.

आम्ही फिरत्या घोड्यांपाशी गेलो. घोडे भरलेले होते, फक्त एका लहान मुलीच्या शेजारचा घोडा रिकामा होता. पुढच्या छोट्या आगगाडीत गर्दी होती, तरी एका मुलाशेजारची जागा रिकामी होती. एक बाप तिथे चढायला गेला, तर मुलाने त्याला हाताने अडवलं आणि तो बाप ओशाळून मागच्या डब्यात जाऊन बसला.

"ये क्या है?" मी चेतनाला विचारलं.

"बच्चों का खेल है. कहते हैं, यहाँ कोई बैठा है." तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "पर बच्चे तो रोज़ अलग-अलग आते हैं ना, दीदी. और खेल वही."

स्पीकरवरचं गाणं मध्येच तुटलं आणि हरवलेल्या मुलाची घोषणा झाली. लाल स्वेटर, नाव कबीर.

"ये भी बढ़ गया है," चेतना म्हणाली. "हाथ छुड़ाके चल देते हैं. मिलते हैं तो आराम से खड़े रहते हैं. माँ रो रही होती है, बच्चा नहीं."

तिचा वॉकीटॉकी खरखरला आणि ती निघून गेली.

निधी माझी ओढणी धरून कठड्याशी उभी होती. आर्यन घोड्यावरून ओरडला, "निधी डरपोक! निधी डरपोक!" एरवी तिचे डोळे भरले असते. आता तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती घोड्यांच्या खालच्या फळीकडे बघत होती आणि कुणीतरी सांगतंय तशी मान हलवत होती.

"आई, हा घरघर आवाज पट्ट्याचा आहे."

"आजीने सांगितलं होतं ना तुला?"

"हो," ती म्हणाली. मग माझी ओढणी सोडून रांगेत जाऊन उभी राहिली.

ती घोड्यावर बसली. शेजारचा घोडा रिकामा होता. गोल फिरून ती प्रत्येक वेळी समोर येई तेव्हा मी हात हलवत होते आणि माझे डोळे वाहत होते. नवरा ऑफिसच्या कामाने बंगळुरूला गेला होता, त्याला मी व्हिडिओ पाठवला. लगेच उत्तर आलं, "ही कुणाची मुलगी?"

खाली उतरल्यावर मी तिला जवळ घेतलं. "घाबरली नाहीस?"

"छे," निधी म्हणाली. "मला मुळीच भीती वाटली नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या तोंडून 'वाटली' मी पहिल्यांदा ऐकत होते. 'मुळीच' हा शब्द तर आमच्या घरात आता कुणी वापरत नाही. मी 'बिल्कुल' म्हणते.

मग आगगाडी झाली, होडी झाली. दर खेपेला तिच्या शेजारी एक जागा रिकामी राहिली आणि दर खेपेला उतरल्यावर तिचं मराठी आणखी नीट झालेलं होतं. "तहान लागली आहे, पण घाई नाही," ती म्हणाली. होडीतून उतरून ती माझ्याकडे आली नाही. बाहेर पडणाऱ्या लोंढ्यात शांत चेहऱ्याने उभी राहिली. मी जाऊन तिचा हात धरला. तिने धरला नाही. बोटं माझ्या मुठीत नुसती पडून होती, धुऊन ठेवलेल्या मोज्यासारखी.

"आता मोठा पाळणा," ती म्हणाली.

मी तेव्हाच घरी निघायला हवं होतं. पण 'निधीचं राहिलं' हे शब्द माझ्या कानात होते. आणि मी खोटं कशाला सांगू, मलाही त्या रिकाम्या जागेच्या जवळ बसायचं होतं.

पाळण्याचा डबा उघडा होता. वर छत्री, समोरासमोर दोन बाकं, कमरेएवढं दार आणि त्याला बाहेरून अडकवलेली साखळी. मी एका बाकावर बसले. निधी माझ्याजवळ न बसता समोर बसली, कडेला सरकून, बाजूला जागा ठेवून.

पाळणा हलला आणि आमचा डबा तिच्या बाजूला कलला.

निधी सात वर्षांची आहे आणि वयाच्या मानाने बारीक आहे. माझं वजन तिच्या तिप्पट तरी असेल. मी मागे रेलून बसले, पाय रोवले. डबा तिच्याच बाजूला कललेला राहिला.

"आई," मी म्हणाले. निधीशेजारच्या रिकाम्या जागेला.

खाली गाण्यांचा आवाज विरत गेला. आम्ही धुरात शिरलो. आजूबाजूचे डबे दिसेनासे झाले. थंड वारा लागत होता आणि लोखंडाचा संथ करकर आवाज येत होता. मला सुरक्षित वाटत होतं. ते वाटणं अजून आठवतं आणि अजून हवंसं वाटतं. कित्येक महिन्यांत माझे खांदे इतके उतरले नव्हते.

"सैल बसायचं," निधी म्हणाली.

"हो, राणी."

"हातही सैल."

तिने समोरचा दांडा सोडला. मग दारावरून हात बाहेर टाकला आणि साखळीचा आकडा चाचपडू लागली.

"निधी, हात आत घे."

"ही गाठ सैल करते नुसती." ती हसत होती. डोळे अगदी स्वच्छ होते. त्यांत भीतीचा कणही नव्हता. दुसरंही काही नव्हतं. मी कोण आहे हे तिला माहीत असावं, पण त्याचं विशेष काही वाटत नव्हतं.

आकडा सुटल्याचा आवाज आला.

मी पुढे झेपावून तिचं मनगट धरलं. ती ओढ देत नव्हती. ते ओढ देण्यापेक्षा वाईट होतं. डबा आणखी कलला, दार बाहेरच्या बाजूला थोडं उघडलं, आणि त्या फटीतून करड्या हवेखेरीज काही दिसलं नाही.

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

आमच्या घरात निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो, आपण 'ये' म्हणतो. हेही आईनेच शिकवलं. आईला स्मशानात नेलं तेव्हासुद्धा मी मनातल्या मनात 'ये' म्हणाले होते.

"आई," मी म्हणाले, "तिला भिऊ दे. तू जा."

काही झालं नाही.

"जा," मी पुन्हा म्हणाले. "परत येऊ नकोस."

डबा हळूच सरळ झाला. मग माझ्या वजनाने माझ्या बाजूला कलला, जसा कलायला हवा होता तसा.

निधीच्या बोटांनी माझी बोटं पकडली. नखं रुतली. तिने खाली पाहिलं, तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती किंचाळली.

"आई, मला भीती लागते! आई, खूप भीती लागते!"

मी तिला उराशी धरलं, दार ओढून घेतलं आणि ते पायाने दाबून बसले. तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. धुरातून आम्ही खाली येईपर्यंत ती तेच वाक्य म्हणत राहिली आणि मी ते ऐकत राहिले.

खाली उतरलो तेव्हा स्पीकर बंद झाले होते. चेतना पाळण्याच्या फाटकाशी वॉकीटॉकी हातात धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"क्या हुआ, दीदी? एकदम से सब..."

तिला पुढे बोलायची गरज नव्हती. मुलं रडत होती. घोड्यांवर, आगगाडीत, होडीच्या रांगेत, लांब केकच्या टेबलापाशी, सगळीकडे. आर्यन त्याच्या आईच्या कमरेला मिठी मारून हुंदके देत होता. आईबाप मुलांना उचलून घेत होते, काय झालं ते एकमेकांना विचारत होते. आईने वर्षानुवर्षं ज्यांना धीर दिला होता, त्या सगळ्यांची भीती एकाच वेळी परत आल्यासारखं ते रडणं होतं.

निधीला कडेवर घेऊन मी गेटकडे चालू लागले. वाटेत मी एकदा थांबले. प्रुफं वाचणाऱ्या माणसाला एक खोड असते. सगळ्या ओळी सारख्या असल्या तरी त्यांतली एक वेगळी असेल, तर ती त्याला दिसते. ऐकण्याचंही तसंच असावं.

त्या रडण्यात एक आवाज लहान मुलाचा नव्हता. रडता रडता तो खोकत होता.

तो कुठून येत होता, ते मी मान वळवून पाहिलं नाही. निधी माझ्या गळ्यात तोंड खुपसून होती. मी तिच्या कानावर हात ठेवला आणि चालत राहिले.