आठ अंश डावीकडे

तिसरी चाचणीही फसली, तेव्हा प्रमोदिनी वैद्य कर्जतला खासगी गुप्तहेर अंतरा देवस्थळीच्या ऑफिसात आल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

त्यांची खोपोलीतली लहानशी कंपनी चार वर्षं लष्करासाठी ट्रकवरचं फिरतं केंद्र बनवत होती. ड्रोन आणि कॅमेऱ्यांनी टिपलेली रणांगणावरची माहिती या केंद्रात गोळा व्हायची, पडताळली जायची आणि नकाशावर उमटायची. कारखान्यात सगळं बिनचूक चाले. पळसदरीजवळच्या माळावर गाडी नेली, की तिच्या टपावरच्या खांबावरचा कॅमेरा प्रत्येक लक्ष्य भलत्याच जागी दाखवे. सोमवारी लष्कराचे अधिकारी पाहायला येणार होते.

"कॅमेरा बदलला, होकायंत्र दोनदा बदललं, तारासुद्धा बदलल्या," त्या म्हणाल्या. "माझ्याच माणसांपैकी कुणीतरी हे करतंय."

अंतराने विचारलं, चूक नेमकी किती? लक्ष्य म्हणून ठेवलेलं एक किलोमीटरवरचं पिंप एकशेचाळीस मीटर डावीकडे दिसलं होतं, तीन किलोमीटरवरचं सव्वाचारशे. ड्रोनने कळवलेल्या जागा मात्र बरोबर होत्या. अंतराचा सहकारी प्रवीण ठोंबरे पूर्वी विमा कंपनीत तपासनीस होता. त्याने आकडे वहीत उतरवले आणि त्यांतून काहीच कळत नाही म्हणून वही मिटली.

शुक्रवारी सकाळी दोघं कारखान्यात गेले. माळावर गाडीपाशी जाणारी माणसं तीनच होती.

समीक्षा संगणकाची बाजू सांभाळायची. हैदराबादच्या एका कंपनीत आपण अर्ज केलाय, हे तिने विचारण्याआधीच सांगून टाकलं. चाचणीत ती दार लावून गाडीच्या मागच्या केबिनमध्ये बसायची. "तीन वेळा शिव्या खाल्ल्या, तिन्ही वेळा डोकं ठणकलं," ती म्हणाली. "कारखान्यात कधी दुखत नाही."

"वैतागाने दुखतं तसं," प्रवीण म्हणाला.

ड्रायव्हर पोपट आधीच चिडलेला होता. तिन्ही वेळा त्याच्या खिशांची झडती झाली होती. "मी गाडी लावतो नि जनरेटर चालू करून झाडाखाली बसतो. टपावर चढायची आमाला परवानगीच नाय. वर नाना जातात, बॅटरी घेऊन सांधे बघाया. सुरवातीला एकदा नि शेवटाला एकदा."

नाना गुप्ते कंपनीचे दर्जा-तपासनीस होते. त्यांच्या खोलीत कागदांचे गठ्ठे होते आणि लोखंडी कपाटाच्या दाराला हातात धरायची एक जाड बॅटरी आपोआप चिकटून राहिली होती. ते तुटक बोलले. मे महिन्यापासून आपण तीन पत्रं दिली, तिन्हींवर 'चाचणीनंतर पाहू' असा शेरा मिळाला, एवढंच त्यांनी सांगितलं. पत्रं कशाबद्दल होती, ते सांगितलं नाही.

अंतरा मग शिडीने टपावर चढली. कालच्या चाचणीची धूळ अजून तशीच होती. खांबाच्या बुडाशी, होकायंत्रापासून वीतभर अंतरावर, त्या धुळीत रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं.

दुपारी तिने सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं.

"लक्ष्य लांब जाईल तशी चूक वाढते," ती म्हणाली. "तिप्पट अंतर, तिप्पट चूक. म्हणजे गाडीची जागा बरोबर आहे, दिशा चुकतेय. दर वेळी आठ अंश. शत्रूने उपग्रहाचे संकेत अडवले तरी काम चालावं, म्हणून तुम्ही दिशा होकायंत्रावरून घेता. ड्रोन त्यावर अवलंबून नाही, म्हणून तो चुकला नाही. होकायंत्र बदलूनही चूक तीच राहिली, कारण बिघाड यंत्रात नव्हताच. शेजारी लोहचुंबक होतं. फक्त माळावर, फक्त चाचणीपुरतं."

प्रवीण म्हणाला, झडतीत कुणाकडे चुंबक सापडलं नव्हतं.

"बॅटरी सापडली होती. ती अवजारांत मोजली गेली. तिच्या बुडाला चुंबक आहे, म्हणून ती कपाटाला चिकटते. नाना सुरुवातीला ती खांबाच्या बुडाशी चिकटवून यायचे आणि शेवटी काढून आणायचे. भर उन्हात टपावरचे सांधे बघायला बॅटरी कशाला लागते?"

नानांनी नाकारलं नाही.

"का, नाना?" प्रमोदिनींनी विचारलं.

"समीक्षाचं डोकं का दुखतं, ते विचारा," अंतरा म्हणाली. "कारखान्यात केंद्र बाहेरच्या विजेवर चालतं. माळावर जनरेटर असतो आणि दार बंद असतं."

"धूर आत येतो," नाना म्हणाले. "तीनदा लिहून दिलं. चाचणी पास झाली असती, तर गाडी अशीच पुढे गेली असती. आत चार-चार तास जवान बसणार."

प्रमोदिनींनी जनरेटर चालू करायला लावला, वायुमापक घेतला आणि केबिनचं दार आतून ओढलं. समीक्षाने नको म्हटलं, तरी ऐकलं नाही. अकराव्या मिनिटाला मापक वाजायला लागला. त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या.

"तुमची पत्रं बरोबर होती," त्या नानांना म्हणाल्या. "पण तीन चाचण्या तुम्ही खोट्या केल्यात. या पोरीला, पोपटला मी चोर समजले. सोमवारपासून येऊ नका."

नानांनी मान हलवली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून समीक्षाच्या हातात दिलं. ती ते परत करू पाहत होती. त्यांनी घेतलं नाही.

प्रमोदिनींनी लष्कराच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. सोमवारची चाचणी आम्हीच रद्द करतोय, असं त्या म्हणाल्या. पलीकडून नव्या तारखेची खात्री देता येणार नाही असं सांगितलं असावं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "नाही, कुणी घातपात केलेला नाही. केबिन माणसं बसण्याजोगी नाही. ती चूक माझी आहे, तसंच लिहा."