बोअरवाला आणि चोवीस रीडिंग

ग्रंथालयामागे, हजारभर मुलांच्या रोजच्या वाटेवर, पत्रे ठोकून त्याने बोअरचं मशीन उभं केलं, तेव्हा माझ्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. मी तळघरातल्या प्रयोगशाळेतून तणतणत वर आले आणि चिखलाने माखलेल्या पहिल्याच माणसाला धरलं. तो बोअरवालाच निघाला.

"हे बंद करा. माझा तराजू धुळीचा कण तोलतो, या हादऱ्यांत तो चालत नाही. पंधरवड्यात चोवीस रीडिंग नाही मिळाली, तर माझी तीन वर्षं पाण्यात."

"मधेच थांबलो तर रॉड अडकेल, मॅडम. जमिनीखालची ऊब वर आणायचीय. तुमचं तळघरही त्यावरच उबदार होणार."

"तोवर मी घरी बसलेली असेन."

तो हसला. गालावरचा वाळका चिखल तडकला आणि मला, इतक्या रागातही, तो आवडला. माझा इलाज नव्हता.

"दर तीन मीटरला नवा रॉड जोडतो," तो म्हणाला, "तेव्हा सात मिनिटं मशीन बंद. पुरतील?"

पुरली असती. त्याचा फोन यायचा, "मॅडम, थांबलोय..." आणि मी श्वास रोखून रीडिंग घ्यायचे. पण तिसऱ्या मिनिटाला पडद्यावरची रेघ थरथरायची, पाचव्याला पुन्हा. नऊ रीडिंग वाया गेली. मी तराजू खोलला, पुसला, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग एके दिवशी फोन त्याच्या मदतनिसाचा आला. साहेब दाढ काढायला गेले होते. त्या दिवशी रेघ सरळ.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला मी दार उघडलं. जिन्यात तो, हेल्मेट काखेत.

"माझी नऊ रीडिंग तुमच्या बुटांनी खाल्ली."

त्याचा चेहरा उतरला. "मी तर आवाज न करता यायचो..."

"तराजूला कान नसतात. यायचात कशाला?"

"बोलायचं होतं. पण तुमचं काम चालू असायचं, मग—परत जायचो."

"चोवीस होऊ देत. मग बोला."

त्यानंतर जिना ओस पडला. मला करमेना, पण रीडिंग भराभर जमली. शेवटच्या दिवशी एक उरलं, तेव्हा मीच त्याला खाली बोलावलं आणि स्टुलावर बसवलं. वर मदतनीस मशीन सांभाळत होता.

"हलायचं नाही."

"नाही हलत. पण शनिवारी माझं इथलं काम संपतंय, म्हणून आत्ताच सांगतो. तुम्ही मला आवडता. फार. तुमचं काय?"

नेमकं तेव्हाच मशीन थांबलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

सात मिनिटं. त्याचे कान लाल होत गेले, पण पठ्ठ्या पापणीही हलवेना. उत्तर माझ्याकडे केव्हाचं तयार होतं, तरी मी नजर पडद्यावरच ठेवली. तीन वर्षं होती त्या रेघेत. रेघ शेवटपर्यंत सरळ गेली. मी फाइल जतन केली, दोनदा तपासली.

"आता हलायला हरकत नाही," मी म्हणाले, आणि आधी मीच त्याच्याकडे गेले.