म्हातारीच्या पुढच्या सीटवर

मेणबत्ती राहू दे तिथेच, अनिका. वादळात लाइट गेले की मॉरिसव्हिलमध्ये दोन-दोन तास येत नाहीत. तू मघाशी विचारलंस ना, "मावशी, त्या जुन्या प्लेनमध्ये तुला कधी स्केरी वाटलं का?" वाटलं. एकदा. तुझ्या आईलाही मी हे सांगितलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. शनिवार होता. काम अगदी साधं होतं. आमच्या फ्लाइंग क्लबचं टायगर मॉथ विमान इथल्या लहान धावपट्टीवरून उचलायचं आणि पूर्वेला पस्तीस मिनिटांवर एअर शो होता, तिथे नेऊन उभं करायचं. परत यायला क्लबातली माझी मैत्रीण नेत्रा कार घेऊन येणार होती. मी थर्मासमध्ये चहासुद्धा भरून घेतला होता.

टायगर मॉथ तू पाहिलं आहेसच. पंखांच्या दोन जोड्या, एकावर एक. लाकूड, कापड आणि तारा. माझ्या आजीच्या वयाचं विमान. दोन उघड्या सीट्स, एकीमागे एक, आणि एकट्याने उडवायचं असेल तर मागे बसायचं. पुढची सीट रिकामी, तिचे पट्टे घट्ट बांधून ठेवलेले. इंग्लंडमध्ये राल्फ ऑलवुड नावाच्या गृहस्थांनी तीस वर्षं ते सांभाळलं. उन्हाळा आला की नवरा-बायको दोघं तंबू घेऊन निघायचे, गावोगावच्या एअर शोंमध्ये ते उडवायचे. राल्फ गेले तेव्हा मिसेस ऑलवुडनी ते आमच्या क्लबला विकलं. विमान सुटं करून पेटीतून आलं. पेटी उघडली तर आत नाकावरच्या पंख्यासाठी त्यांनी स्वतः विणलेला लोकरीचा टोपा होता, आणि एक चिठ्ठी: 'थंडीत कुरकुरते. तिच्याशी बोलत राहा.'

जोडायला गुरुनाथ काका होते. इथे अमेरिकेत मुलीकडे राहायला आलेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. तरुणपणी नागपूरच्या फ्लाइंग क्लबात अशीच विमानं दुरुस्त केलेली. पहिल्या दिवशी हँगरमध्ये आले, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय गं म्हातारे, तू इथंसुद्धा आलीस?" तेव्हापासून ती म्हातारीच. घरी जावयाशी दिवसभरात चार वाक्यं बोलणारे काका तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचे.

त्या दिवशीही त्यांनीच पंखा फिरवून इंजिन सुरू करून दिलं. मी एअर शोसाठी म्हणून जुन्या पद्धतीची चामड्याची टोपी घातली होती. तिच्या कानांना रबरी नळी असते. पूर्वी विमानात रेडिओ नव्हता ना, पुढे बसलेला मास्तर त्या नळीत बोलायचा आणि मागच्या शिकाऊला ऐकू यायचं. मी सवयीने ती नळी जोडली आणि निघाले.

पहिली वीस मिनिटं इतकी सुंदर होती, अनिका, काय सांगू! खाली पानं लाल-पिवळी झालेली. गाल थंडीने बधिर. इंजिनाचा तो शिवणयंत्रासारखा आवाज. मी गाणं म्हणत होते मोठमोठ्याने.

मग तलाव आला. त्यावर पांढरं काहीतरी पसरलेलं होतं. दुरून वाटलं, पातळ आहे, वरून निघून जाईन. पण धुकं खालून वर आलं आणि ढग वरून खाली आला, आणि दोन्ही माझ्याभोवती मिटले. मागे वळून पाहिलं, तर मागेही पांढरंच.

म्हातारीत क्षितिज दाखवणारं यंत्र नाही. बाहेर दिसलं तर उडायचं, एवढंच तिला ठाऊक. धुक्यात माणसाला दोन-तीन मिनिटांत वर-खाली कळेनासं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मला वाटत होतं, मी सरळ चालले आहे. पण पंखांमधल्या तारा गाऊ लागल्या. आधी हळू, मग उंच, मग किंचाळल्यासारख्या. याचा अर्थ वेग वाढतोय. वेग वाढतोय म्हणजे मी खाली चालले आहे. नाक वर यावं म्हणून मी दांडा ओढला, पण विमान एका कुशीवर कललेलं, त्यामुळे गिरकी घट्ट झाली आणि आवाज आणखी चढला. उंची दाखवणारा काटा उलटा फिरत होता... बाराशे फूट... हजार... आणि मला नीट आठवतं, मी आईला हाक मारली.

तेव्हा कानात कुणीतरी श्वास घेतला.

खोल घागरीत तोंड घालून बोलावं तसा आवाज आला. म्हातारा, जाड, अगदी शांत, इंग्रजी.

"हात सोड, बाळ. आय हॅव कंट्रोल."

उडायला शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाडात हे वाक्य मुरलेलं असतं. मास्तर असं म्हणाला की हात सोडायचे आणि 'यू हॅव कंट्रोल' असं उत्तर द्यायचं. विमान कुणाच्या हातात आहे याबद्दल कधीच गोंधळ नको म्हणून. मी विचार केलाच नाही. माझ्या तोंडून उत्तर गेलं, आणि हात सुटले.

दांडा माझ्या गुडघ्यांमध्ये आपोआप हलला. आधी किंचित उजवीकडे, मग मागे. पायांखालची पेडल्स हलली, उजवं पुढे, डावं मागे, इतकी हलकी, जणू कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण सारखं करतंय. तारांचा आवाज उतरत गेला. नळीतून पेपरमिंटचा वास येत होता.

मी पुढे पाहिलं. पुढची सीट रिकामी होती. पट्टे मी बांधले तसेच.

"कोण आहे?" मी विचारलं. नळीतून नुसता श्वास... आत... बाहेर... आणि मधेच जीभ टाळ्याला लावल्याचा छोटासा आवाज, गोळी चघळणाऱ्या माणसासारखा.

काही वेळाने तो म्हणाला, "उजवीकडे बघू नकोस."

मी अर्थातच पाहिलं. धुक्यातून टीव्हीचा की कसला तरी उंच मनोरा सरकत गेला. त्यावरचा लाल दिवा आमच्यापेक्षा वर होता. आमच्या पंखाचं टोक आणि मनोऱ्याच्या ताणलेल्या तारा यांत आपल्या या हॉलएवढं अंतर असेल-नसेल.

मग एकदम ऊन. खाली एअर शोचं मैदान, ओळीने लावलेली विमानं, पार्किंगमधल्या गाड्या. म्हातारी अगदी योग्य उंचीवर, वाऱ्याकडे तोंड करून, धावपट्टीच्या रेषेत, उतरायला तयार होती.

"छान," नळीतला आवाज म्हणाला. "यू हॅव कंट्रोल."

मी उतरवलं. वाईट उतरवलं, तीन उड्या मारल्या. इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून रडले.

नेत्रा आणि काका कारने पोचले. नेत्रा कॉफी आणायला गेली, तसं मी काकांना सगळं सांगितलं. काकांनी पुढच्या सीटमध्ये वाकून पाहिलं.

"रेणू," ते हळूच म्हणाले, "नळीचा पुढचा तुकडा माझ्या घरी आहे. डायनिंग टेबलवर. चीर पडली होती म्हणून गुरुवारी काढला. तुझ्या टोपीची नळी पुढे कशालाच जोडलेली नव्हती."

मग त्यांनी म्हातारीच्या पोटावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणाले, "पोरीला आणलंत सुखरूप. उपकार झाले साहेब."

मला वाटलं, ते राल्फ असणार. दुसरं कोण? तीस वर्षं जीव लावलेलं विमान सोडून माणूस जाईल कुठे? मला भीती वाटेना. उलट माया वाटू लागली. आठवडाभर विचार करून मी इंग्लंडला मिसेस ऑलवुडना फोन केला. सत्तरी ओलांडलेल्या बाई. म्हटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुठेतरी किटली शिटी वाजवत होती, ती त्यांनी वाजू दिली.

"राल्फ नाही गं तो," त्या म्हणाल्या. "राल्फचा आवाज बारीक होता. आणि राल्फलाही तो ऐकू यायचा. कुणाचा आहे ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही घेतलं तेव्हापासून होता. फार सभ्य माणूस." मग त्यांनी विचारलं, "तुला परत दिलं ना त्याने? यू हॅव कंट्रोल, म्हणाला ना?"

"हो. म्हणाला."

"बरं झालं, बाळ. बरं झालं."

"का? असं का विचारता?"

किटली बंद झाली.

"राल्फचा शेवटचा शो होता," त्या म्हणाल्या. "काय सुंदर उडवलं त्याने! आणि असं अलगद टेकवलं की लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. विमान रांगेत येऊन थांबलं, इंजिन बंद झालं. राल्फ उतरेना. मी पंखावर चढले, तर मान छातीवर टेकलेली... डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, हृदय थांबून पाऊण तास तरी झाला असेल. मी म्हटलं, कसं शक्य आहे? शो तर बारा मिनिटांचा असतो."

"मग डॉक्टर चुकले असतील," मी म्हटलं.

"मीही तसंच म्हणते सगळ्यांना," मिसेस ऑलवुड म्हणाल्या. "पण त्या दिवशी पंखा मीच फिरवला होता. मी बाहेरून 'कॉन्टॅक्ट' ओरडायचं, आतून तोच शब्द परत आल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही, असा नियम असतो. मी ओरडले. आतून उत्तर आलं... आणि मुली, मला तेव्हाच वाटलं होतं, आज राल्फचा आवाज इतका जाड कसा?"