कठडा कशानं तुटला?

“मुबी, एवढी वाकू नकोस गं! खाली गेलीस, तर तुझ्या वाटणीच्या चकल्या मलाच खाव्या लागतील!” साईराज मागून ओरडला.

मुबश्शिराचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती कठड्याच्या लोखंडी पाइपाकडे टक लावून पाहत होती. मधोमध पाइप तुटला होता, आणि दोन टोकांमध्ये चार बोटं सहज जातील एवढी फट पडली होती.

दिवाळीची सुट्टी लागली होती. मुबश्शिराची मैत्रीण शिवांजली हिचा मामेभाऊ साईराज वाईहून आला होता, आणि फराळाचे डबे घेऊन तिघंही बोरवाडीच्या घारकड्यावर चढली होती. डोंगराच्या पायथ्याला वाइनरी होती. पाहुण्यांनी वर चढावं, नदीचं वळण पाहावं, म्हणून वाइनरीनं कड्यावर ‘कृष्णादर्शन’ नावाची जागा केली होती. तिथला कठडा मुबश्शिराच्या अब्बांनी, यासीनभाईंनी बनवला होता. तो दाखवायलाच तर तिनं दोघांना इथवर ओढत आणलं होतं! खाली कृष्णा संथ वळत होती. दोन्ही काठांना ऊस, आणि डोंगराच्या पायाशी छाटणीनंतर नव्यानं फुटलेल्या द्राक्षवेलींच्या रांगा. पण आता तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या कच्च्या रस्त्यानं जीप आली. वाइनरीचे मॅनेजर जयराजसाहेब खाली उतरले, आणि त्यांच्यामागून मान खाली घालून अब्बा.

“बघा! बघा हे तुमचं काम, यासीनभाई!” साहेबांनी पाइपावर थाप मारली. “उद्या सकाळी पुण्याहून चाळीस पाहुणे येतायत. कुणी इथून पडलं असतं तर? तीन महिन्यांत जोड सुटतो, याला वेल्डिंग म्हणतात?”

मुबश्शिराला वाटलं, अब्बा आता काहीतरी बोलतील. निदान तुटलेली जागा वाकून बघतील तरी! पण अब्बा नुसते उभे राहिले.

“माझंच चुकलं आसंल, साहेब,” ते हळूच म्हणाले. “उद्या सकाळी पाहुणे यायच्या आत जोडून देतो.”

“द्याच! नाहीतर पलूसपासून तासगावपर्यंत कुणी तुम्हाला काम देणार नाही, याची व्यवस्था मी करतो.”

जीप निघून गेली. जाताना अब्बांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मुबश्शिरानं बाहीनं डोळे पुसले.

“रडू नगं गं,” शिवांजली म्हणाली. “चूक कुनाकडनं बी व्हती.”

“अब्बांची झालेली नाही!” मुबश्शिरा उसळली. ती गुडघ्यांवर बसली आणि तुटलेल्या टोकावरून बोट फिरवू लागली. “हे बघ! जोड जसाच्या तसा आहे. वेल्डिंगचा टाका कुठंच उकललेला नाही. शेजारचा पाइप फाटलाय! कुणीतरी दोन्ही बाजूंनी ताणल्यासारखा!”

“एवढा जाड पाइप कोण ताणणार? हत्ती?” साईराज चकली मोडत म्हणाला. हसता हसता त्याच्या हातातला तुकडा खाली अंथरलेल्या हिरव्या गालिच्यावर पडला. तो उचलायला साईराज वाकला, आणि गालिच्याची कडा सरकली.

“अरे! इथं जमीन फाटलीय!”

तिघांनी मिळून गालिचा गुंडाळला. खाली मुरमाड जमिनीत लांबलचक भेग होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कठड्याला समांतर! शिवांजलीनं खडा टाकला. खडखड, खडखड... आणि मग आवाजच बंद.

“लय खोल हाय,” ती पुटपुटली.

“म्हणजे कठडा तुटला नाही,” मुबश्शिरा सावकाश म्हणाली. “ही सगळी जागाच पुढं सरकतेय! आणि आपण...”

पुढचं कुणी ऐकलंच नाही. तिघंही एका दमात भेगेच्या अलीकडे उड्या मारून आली!

उतरताना त्यांनी मुद्दाम कड्याखालची वाट धरली. खाली वाइनरीच्या गाड्या लावायला जागा करण्याचं काम चालू होतं. जेसीबी कड्याच्या पायथ्यातून मुरूम ओरबाडत होता. साईराजनं वर पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. कड्याचं पोट पार पोखरून निघालं होतं, आणि ‘कृष्णादर्शन’ वर छपरासारखं अधांतरी लोंबत होतं.

जयराजसाहेब तिथंच उभे होते. मुबश्शिरानं धीर करून त्यांना सगळं सांगितलं. ते हसले.

“दगडात भेगा असतातच, बाळ. वडिलांची चूक झाकायला गोष्टी रचू नयेत.”

“तुम्ही एकदा वर येऊन तर बघा!”

“मला उद्याची तयारी करायचीय. पळा आता!”

तिघं गावात परतली. शिवांजलीच्या अंगणात दिवाळीचा मातीचा किल्ला अर्धवट उभा होता. बुरुजांसाठी आणलेलं पांढरं सिमेंट पाहून ती एकदम थबकली.

“मुबी, आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला, तवा गवंड्यानं त्यावर सिमेंटची पट्टी लावली व्हती. पट्टी तडकली, तर तडा वाढतोय. न्हाई तडकली, तर काय भ्या न्हाई!”

“मग बघत काय बसलीस? उचल डबा!” साईराज म्हणाला. किल्ल्याला त्या दिवशी बुरूज मिळाले नाहीत. तिघं धापा टाकत पुन्हा वर गेली आणि भेगेवर आडव्या पांढऱ्या पट्ट्या ओढून आली.

संध्याकाळी पावसानं झोडपलं. भेगेत आता किती पाणी मुरत असेल, हाच विचार मुबश्शिराच्या डोक्यात होता. अब्बा जेवले नाहीत. “अब्बा, जोड सुटलेलाच नाही,” ती म्हणाली. तिनं भेगेचंही सांगितलं.

“पुरे, बेटा,” ते म्हणाले. “मोठ्या लोकांशी वाद घालून पोट भरत न्हाई. उद्या पाइपावर लोखंडी पट्टी मारतो, विषय संपला.”

सकाळी उजाडताच तिघं कड्यावर पोचली. एकही पट्टी शाबूत नव्हती! तुटलेल्या तुकड्यांमध्ये बोट जाईल एवढं अंतर पडलं होतं.

“आता काय करायचं?” साईराज पहिल्यांदाच चेष्टा न करता म्हणाला.

“तू पळत आबांकडं जा,” शिवांजलीनं त्याला फर्मावलं. तिचे आजोबा, नाथाजीआबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. गावात त्यांचा शब्द चाले. “त्यानला म्हणावं, कड्याखाली एक बी माणूस थांबू देऊ नका. मी आन् मुबी पाहुण्यांचं बघतो!”

साईराज सुसाट सुटला. मुली करंजाच्या झाडापाशी आल्या. तिथं वाट फुटायची. डावी वाट ‘कृष्णादर्शन’कडे जाई आणि उजवी घळीपलीकडे डोंगराच्या पुढं आलेल्या सोंडेवर. डावीकडे तोंड करून लाकडी बाण उभा होता.

“सांगून कोन ऐकनार न्हाई,” शिवांजली म्हणाली. “पण बाण दाखवंल तिकडं समदे जातील!”

कालच्या पावसानं माती भुसभुशीत झाली होती. दोघींनी खांब गदागदा हलवला, उपटला आणि उजवीकडे तोंड करून रोवला. थोड्याच वेळात रंगीत टोप्या आणि काठ्या घेतलेली पाहुणेमंडळी दिसू लागली. शिवांजलीनं वेणी नीट केली आणि दोन्ही हात जोडले.

“सुस्वागतम्! इकडून या! नदी इकडून छान दिसते!”

“किती गोड मुलगी आहे!” एक बाई म्हणाल्या आणि मुकाट्यानं उजवीकडे वळल्या. जयराजसाहेब रांगेत सगळ्यात मागे होते, घामाघूम. त्यांना चूक कळेपर्यंत निम्मे पाहुणे सोंडेवर पोचलेसुद्धा होते!

मुबश्शिराला हसू आलं. पण ते ओठांवरच गोठलं. वरून घरघर ऐकू येत होती. जनरेटर!

“अब्बा!”

ते मागच्या रस्त्यानं टेम्पो घेऊन आले असणार! ती धावत सुटली. काटे लागले, चप्पल तुटली, तिनं पाहिलंही नाही. वर पोचली तेव्हा अब्बा भेगेच्या पलीकडे, अगदी कडेला बसले होते. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. हातातून ठिणग्या उडत होत्या.

“अब्बा! मागं या!”

जनरेटरच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार? पुढं जाऊन ओढावं, तर भेग ओलांडायला हवी. तिचं वजनही त्या जमिनीवर पडलं तर? मुबश्शिरानं इकडेतिकडे पाहिलं. जनरेटर भेगेच्या अलीकडे होता! ती त्याच्यावर झेपावली आणि बटण बंद केलं.

एकदम शांतता पसरली. अब्बांनी मुखवटा वर केला.

“कुनी बंद केला रं?... मुबी? तू हितं काय करतीस?”

“अब्बा, काही विचारू नका. तसेच उठा आणि माझ्याकडं या. हळू!”

“काम राहिलंय...”

“तुम्हाला माझी शपथ आहे!”

तिचा चेहरा पाहून अब्बा उठले. दोन पावलं आले, आणि त्यांची नजर खाली गेली. भेग, तुटक्या पांढऱ्या पट्ट्या. ते थिजले. पायांखालून सरसर ऐकू आली, पोत्यातून धान्य सांडावं तशी.

“उडी मारा!”

त्यांनी उडी मारली. पण लगेच ते मागे वळले. “माझी मशीन! मशीन तिकडंच ऱ्हायली!”

मुबश्शिरानं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं आणि खाली बसकण मारली. “न्हाई! जाऊ देणार न्हाई!”

अब्बांनी एकदा हिसडा दिला. मग जमीनच हलली. कठडा वाकला, गुंडाळलेला हिरवा गालिचा आत ओढला गेला, आणि अख्खं ‘कृष्णादर्शन’ गडगडत खाली निघालं! वेल्डिंगची मशीन केबल तोडून दिसेनाशी झाली. धुळीचा लोट वर आला, आणि बाप-लेक एकमेकांना घट्ट धरून खोकत राहिले.

समोरच्या सोंडेवर कुणीतरी किंचाळलं. पाहुण्यांनी सारं डोळ्यांनी पाहिलं होतं. धूळ खाली बसली, तेव्हा पोखरलेला पायथा आणि ढिगाऱ्याखाली चेपलेला जेसीबीही सगळ्यांना दिसला. त्यात कुणी नव्हतं. काठी आडवी धरून नाथाजीआबांनी प्रत्येकाला केव्हाच बाहेर काढलं होतं, आणि साईराज पाहुण्यांच्या बसच्या ड्रायव्हरला अजून मागं, अजून मागं ढकलत होता!

करंजापाशी सगळे जमले. एका पाहुण्यानं जयराजसाहेबांना विचारलं, “तुम्ही आम्हाला तिथं उभं करणार होतात?” साहेबांचा चेहरा मातीसारखा झाला होता. आबांनी तलाठ्याला फोन लावला, पंचनाम्याला या म्हणाले, आणि मग तिन्ही पोरांना जवळ घेतलं.

“फौजेत मी लय धाडसी गडी बघितलं,” ते म्हणाले. “पण कुनी ऐकत नसताना खरं धरून बसायचं, हे त्याच्यावरचं काम हाय. शाबास रं माझ्या वाघांनो!”

टाळ्या वाजल्या. साईराज लाजला आणि त्यानं खिशात चकली आहे का ते चाचपलं.

जयराजसाहेब पुढं आले. “यासीनभाई, तुमचं काम पक्कं होतं. मी उगीच...”

“मला सांगू नका, साहेब,” अब्बा मध्येच म्हणाले. त्यांनी लेकीला पुढं केलं. “माझा बी माझ्या हातांवर भरवसा ऱ्हायला नव्हता. हिचा व्हता. हिला सांगा.”

साहेबांनी मान खाली घातली आणि सगळ्यांच्या देखत मुबश्शिराची माफी मागितली. कालपासून तिला हेच हवं होतं. पण आता तिला फक्त मनगटावरची अब्बांची पकड जाणवत होती. कड्यावरून उतरल्यापासून त्यांनी ती सैल केली नव्हती.

“अब्बा,” ती हळूच म्हणाली, “घरी चला. तुम्ही कालपासून जेवला नाहीत.”