सातव्या कलमावर आक्षेप

आकाशात दोन विमानांनी एकमेकांना वाट कशी द्यायची, याचे नियम मी लिहिते. आणि एडवणच्या वाडीतल्या अरुंद गल्लीत मी माझी स्कूटर थेट एका बुलेटसमोर नेऊन घातली! हसा, खुशाल हसा.

चूक त्याची होती. म्हणजे... निम्मी. मी डावीकडे घेतली, तर तोही त्याच बाजूला आला. घाबरून उजवीकडे वळवली, तर हा नेमका तिकडेच! शेवटी मी केळीच्या बागेत शिरले आणि तो कडेच्या नारळांच्या ढिगावर जाऊन बसला.

"अवो, एकदा काय ते ठरवा ना!" तो उठून कपडे झटकत म्हणाला. "डावं की उजवं?"

"मी ठरवलं होतं! मधे कडमडलात तुम्ही."

"तुमी मनात काय ठरवलंय ते मला कसं कळणार?"

आवाज चिडका होता, डोळे मात्र हसत होते. माझ्या केसांत केळीच्या पानाची चिंधी अडकली होती. ती काढायला त्याचा हात पुढे आला... आणि मधेच थांबला. "तिथं... पान हाय," तो म्हणाला. उगाचच माझे कान गरम झाले.

"मला कॅप्टन सावे यांच्याकडे जायचंय," मी शक्य तितक्या रुबाबात म्हणाले. "महत्त्वाचं काम आहे."

"झालं की तुमचं काम. मीच सावे. भाग्येश सावे."

घ्या! ज्या माणसाशी भांडायला मी बोईसरहून आले होते, तो मिशीवाला, पोट सुटलेला, खडूस म्हातारा असणार अशी माझी पक्की खात्री होती. आणि समोर हा!

भांडण कशाचं, तेही सांगते. पूर्वी विमानांवर नजर ठेवायची ती जमिनीवरच्या माणसांनी. आता विमानातच एक यंत्र बसतं. ते आसपासच्या विमानांचे संदेश ऐकतं, ती पडद्यावर दाखवतं आणि दोघं जवळ यायला लागली की कुणी बाजूला व्हायचं ते सांगतं. अशी यंत्रं कुणीही बनवली तरी ती एकसारखी वागली पाहिजेत, म्हणून देशाची एक समिती मानकं ठरवते. आमची कंपनी बोईसरच्या एमआयडीसीत अशी यंत्रं बनवते, म्हणून समितीत मी. त्यातलं सातवं कलम, कुणी कुणाला वाट द्यायची ते, माझं. दोन वर्षं मी त्याच्यावर घासली होती. सगळे राजी होते, फक्त वैमानिकांच्या बाजूने नव्याने आलेल्या या एका माणसाने लेखी आक्षेप पाठवला होता. तो सुटला नाही, तर माझं कलम मानकातून बाहेर आणि शेवटी जोडलेल्या ऐच्छिक सूचनांमध्ये जमा. सूचना कोण पाळतं हो?

"माझ्या कलमात वाईट काय आहे?" मी त्याच्या ओसरीवर बसताच विचारलं.

"वाईट काय नाय. अर्धं हाय. यंत्र एकाला सांगतं, बाजूला हो. दुसऱ्याला सांगतं, सरळ जा. पण पहिल्याने ऐकलंय, हे दुसऱ्याला कसं कळणार?" तो थांबला, मग हळूच म्हणाला, "गल्लीत कळलं काय आपल्याला?"

त्याच्या आईने, माईंनी, चहा पुढे केला. "काय गो पोरी, लागलं काय तुला? हा विमान बरा चालवतो, गाडी नाय." मला हसू आवरेना, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग रोज संध्याकाळी एडवणच्या समुद्रावर आमच्या चाचण्या सुरू झाल्या. माझी स्कूटर म्हणजे एक विमान, त्याची बुलेट म्हणजे दुसरं. दोन्हीवर आमच्या यंत्राची पेटी, हँडलला पडदा, आणि मधे सुरूच्या झाडांची दाटी. कलमात मी नवी ओळ घातली: वाट देणाऱ्याने 'घेतलं' असं बटण दाबायचं, तो निरोप दुसऱ्याला पोचायचा, आणि नाही पोचला तर दुसऱ्यानेही वळायचं.

"आता खूश?" मी ओरडले.

"बघू ना..." तो वाऱ्यावर ओरडला. "तुमाला खूश करणं सोपं हाय काय?"

"मला कशाला? कलमाला करा!"

"दोन्ही एकच की."

असं बोलायचं आणि गॉगल लावून निघून जायचं! घरी जाताना मी सबंध रस्ताभर एकटीच हसत होते. वाऱ्याला आंब्याच्या मोहोराचा वास होता. आवडला होता मला तो, साफ आवडला होता, उगाच कशाला आढेवेढे घेऊ?

शेवटच्या चाचणीत घोळ झाला. मी 'घेतलं' दाबलं आणि वळले. पण झाडांच्या दाटीत निरोप हरवला, तो पोचला नाही म्हणून नव्या ओळीप्रमाणे भाग्येशही वळला, आणि दोघं पुन्हा एकाच बाजूला! ओल्या वाळूत आम्ही शेजारी शेजारी आडवे झालो. कलम पुन्हा फसलं होतं, आणि बैठक तोंडावर आलेली.

माझे डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाला, "उत्कर्षा... राहू दे. तुझ्यासाठी घेतो मी आक्षेप मागे."

मी ताडकन उठले. "माझ्यासाठी? वर विमानात माणसं बसलेली असतात, त्यांचं काय? खबरदार मागे घेतलास तर! तोंड बघणार नाही तुझं."

आणि खरंच, बैठकीपर्यंत मी त्याचा फोन उचलला नाही. रागाने नाही हो... पुन्हा तसं गोड बोलला असता, तर मी कदाचित ऐकलं असतं. त्याचीच भीती वाटत होती.

बैठक ऑनलाइन होती. मी घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन. आई स्वयंपाकघरात, बाबा पॉवर प्लांटच्या ड्यूटीवरून येऊन पेपर वाचत. आमच्या समितीची पद्धत अशी की, सुरुवातीला प्रत्येकाने आपला हितसंबंध जाहीर करायचा. कुणाची कंपनी, कुणाचा फायदा, सगळं उघड. एरवी सगळे 'काही नाही' म्हणून पुढे जातात.

अध्यक्ष प्रियदर्शिनी मॅडमनी त्याचं नाव घेतलं. पडद्यावर तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता.

"माझा हितसंबंध आहे, मॅडम," तो शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला. "सातवं कलम लिहिणाऱ्या उत्कर्षा मोहिते यांच्याशी मला लग्न करायचं आहे. त्यांना अजून विचारलेलं नाही. फोनच उचलत नाहीत."

स्वयंपाकघरात पातेलं पडलं. बाबांचा पेपर खाली आला.

"अगं, कोन हाय ह्यो?" आई उलथनं घेऊनच बाहेर आली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही आक्षेप मागे घेताय का, कॅप्टन?"

"अजिबात नाही. निरोप हरवला आणि दोघं एकाच बाजूला वळले तर? मोहिते मॅडमनी उत्तर द्यावं."

काय सांगू! हातात गुलाब दिला असता तरी मला एवढा आनंद झाला नसता. कारण इतक्या रात्री जागून शोधलेलं उत्तर माझ्याकडे होतं.

"दिशा सुरुवातीलाच वाटून द्यायच्या," मी म्हणाले. "पहिल्याच्या वाट्याला वर, तर दुसऱ्याच्या वाट्याला फक्त खाली. निरोप पोचला तर एकच हलेल. हरवला तर दोघं हलतील, पण एकमेकांपासून लांबच जातील. काहीही झालं तरी समोरासमोर येणार नाहीत."

त्याने लगेच विचारलं, दोघांनी एकाच वेळी दाबलं तर? पेटी बंद पडली तर? जमीन जवळ असेल तर? एकही प्रश्न सोपा नव्हता. मी उभी राहून प्रत्येकाचं उत्तर दिलं, आकडे दाखवले. आई उलथनं हातात धरून ऐकत होती.

शेवटी तो सावकाश खुर्चीला टेकला. "माझा आक्षेप सुटला, मॅडम. आता या यंत्राच्या भरवशावर मी स्वतः विमान नेईन."

"कलम सात एकमताने मंजूर," मॅडम म्हणाल्या.

माझं कलम! आता देशात असं यंत्र कुणीही बनवो, ते माझ्या नियमाने वाट देणार! टाळ्या वाजल्या. बाबांनी तर शिट्टीच मारली. मॅडम पुढच्या विषयाकडे वळणार, एवढ्यात मी हात वर केला.

"मॅडम, सुरुवातीला माझा हितसंबंध सांगायचा राहिला. नोंदवून घ्या. मलाही कॅप्टन साव्यांशीच लग्न करायचंय."

भाग्येशची खुर्ची मागे कोसळली, तो चौकटीतून गायबच झाला, आणि सबंध समितीला ऐकू जाईल अशी त्याची आरोळी आली, "माई! हो म्हणाली गो! हो म्हणाली!"